एकट्याने रात्रीची गाडी चालवताना काय ऐकायचं: टुरिस्ट गाडीवर आयुष्य काढलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: हिंजवडीत नोकरी, घर कोल्हापूरला, दर शुक्रवारी रात्री आठ-साडेआठला निघायचं आणि सोमवारी पहाटे चारला परत फिरायचं, गाडीत एकटाच, गाडी सेकंडहँड स्विफ्ट, साताऱ्याच्या पुढे डोळे जड व्हायला लागतात. तर काय ऐकत जावं, गाणी बरी की पॉडकास्ट, आणि स्पीकर बदलून वूफर टाकला तर फरक पडेल का.

मी १९९८ पासून टुरिस्टच्या गाडीवर आहे. पहिली मालकाची सुमो, मग इंडिका, मग कर्ज काढून स्वतःची क्वालिस, आता दोन इनोव्हा आणि एक अर्टिगा आहे आणि त्यांवर पोरं ठेवलीत, मी स्वतः कमी चालवतो पण तुमचा रस्ता अजून महिन्यातून दोन-तीनदा होतोच. त्यामुळे जे लिहितोय ते अनुभवाचं आहे, मी काही साउंडवाला नाही.

आधी झोपेचं बोलतो कारण तुमच्या प्रश्नात खरी काळजीची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती मधेच एका ओळीत उरकलीय. झोप वेगळी आणि कंटाळा वेगळा. कंटाळ्यावर गाणं चालतं, झोपेवर चालत नाही. आवाज वाढवला, काच खाली केली, एसी तोंडावर घेतला, पाणी मारलं, स्वतःच्याच गालात दोन ठेवून दिल्या, हे सगळं करून झालंय माझं, दहा मिनिटं तरतरी वाटते आणि अकराव्या मिनिटाला आपण परत तिथंच, फक्त आता गाणं मोठ्यानं चालू असतं. १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला म्हणजे ८० मीटरच्या वर ती गाडी कुणीच चालवत नव्हतं.

गाण्याचा झोपेच्या बाबतीत एकच उपयोग आहे आणि तो मात्र मोठा आहे, ते तुम्हाला चुगली करून सांगतं. पाठ असलेलं गाणं लावा. पहिलं कडवं ऐकलेलं आठवतंय, आता तिसरं चालू आहे, मग मधलं दुसरं कुठं गेलं? ते गेलं म्हणजे तुम्ही गेला होता. किंवा आनेवाडीचा टोल कधी मागं पडला तेच आठवत नाही. असं एकदा जरी झालं तरी पुढचा पंप किंवा धाबा दिसेल तिथं आत घ्यायची. गाडी उजेडात लावा, काच बोटभर खाली, आधी चहा-कॉफी घ्या आणि मग १५-२० मिनिटं सीट मागं करून झोपा. आधी झोप नंतर चहा असं करतात लोक, ते उलटं आहे, कॉफी अंगात भिनायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होऊन जाते आणि उठताना दोन्हीचा फायदा मिळतो. पाऊण तास ताणून दिलीत तर उलट डोकं जड होतं, म्हणून मोबाईलला गजर लावूनच आडवं व्हायचं.

आणि तो सोमवारचा पहाटे चारचा प्रकार तुमच्या शुक्रवारपेक्षा वाईट आहे. रात्री दोन ते पाच ह्या वेळेला शरीर झोपच मागतं, तुम्ही नऊला झोपून उठलात तरी मागतं. रविवारी संध्याकाळीच निघा, जमत नसेल तर सोमवारी उजाडताना निघून ऑफिसला उशीर करा, मॅनेजर ओरडला तर ओरडला.

आता कंटाळ्याचं, म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाचं. काय ऐकावं ह्याला माझी कसोटी एकच आहे: मधली दोन मिनिटं हुकली तरी काही बिघडलं नाही पाहिजे. गाडी चालवताना कान अर्धाच मोकळा असतो. समोर ट्रकवाल्याने इंडिकेटर न देता उजवी लेन धरली की डोकं तिकडं जाणारच, जायलाच पाहिजे, आणि त्या वेळात जे काही चालू होतं ते आपल्या नकळत वाहून जातं. वाहून गेल्यावर जर तुम्हाला वाटलं की अरेरे मागं घ्यायला पाहिजे, तर ती वस्तू गाडीत ऐकायची नाही. कारण मग हात फोनकडं जातो, किंवा त्याहून वाईट, पुढच्या वेळेला ट्रक आडवा आला तरी अर्धं डोकं गोष्टीतच राहतं.

म्हणून अभंग आणि भजनं गाडीत इतकी चालतात असं माझं मत आहे, लोक म्हणतात भक्तीमुळे, असेल, पण त्याची बांधणी बघा की. ध्रुवपद फिरून फिरून येतं. तुम्ही मधे घाटातल्या वळणात दोन चरण हरवलात तरी परत आलात की ध्रुवपद तुमची वाट बघत तिथंच उभं असतं. पाठ असलेली जुनी हिंदी गाणी, भावगीतं, कोळीगीतं, सगळ्यांचं तेच. कथाकथनाच्या जुन्या कॅसेटी पण (कुणाच्या ते मराठी माणसाला सांगायला नको), त्या आपल्याला इतक्या पाठ आहेत की पुढचं वाक्य आपणच म्हणतो, हसतो, आणि मधला भाग गेला तरी कुठं आहोत ते कळतं. नवीन ऐकताय तर मात्र ती वेगळी गोष्ट, त्याच्याकडं येतो.

सगळ्यात भारी म्हणजे क्रिकेटची रेडिओवरची कॉमेंटरी. ती मुळातच आत्ता रेडिओ लावलेल्या माणसासाठी बोललेली असते, त्यामुळे दर थोड्या वेळाने स्कोअर सांगतात, किती हवेत, किती ओव्हर राहिल्या, सगळं परत. २ एप्रिल २०११ ला वर्ल्डकपची फायनल वानखेडेवर, आणि माझी क्वालिस भाडं घेऊन कोल्हापूरहून पुण्याला निघालेली. रस्ता मोकळा, धाब्यांवर टीव्हीसमोर ही गर्दी, गाडीत पाच पॅसेंजर आणि रेडिओ. मॅच अटीतटीला आलेली आणि आम्ही खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो, रेडिओ गप्प. नुसती खरखर. पाचही जण श्वास धरून बसलेले, मागचा एक म्हातारा म्हणतो दाब की लवकर, मी म्हटलं काका बोगदा आहे. बाहेर पडलो, खरखरीतून आवाज आला, फोर गेलेली, मागं नुसता दंगा, आणि ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना माहितीय बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतार आणि ते एस वळण कसं आहे ते, किती गाड्या तिथं आडव्या झाल्यात. मी रेडिओ बंद केला. शिव्या खाल्ल्या पॅसेंजरच्या, पण वळण संपेपर्यंत बंद ठेवला आणि सरळ रस्ता आल्यावर लावला, तोवर काही बिघडलं नव्हतं, स्कोअर परत सांगितलाच त्यांनी.

हे बंद करणं मी सगळ्या पोरांना शिकवतो. घाट आला की आवाज खाली. आंबोली असो, वरंधा असो, आंधळ्या वळणावर समोरच्याचा हॉर्न हाच तुमचा आरसा आहे, तो ऐकू आला पाहिजे. शहरात शिरताना पण खाली, रिव्हर्स घेताना बंद. घरचे हसतात की गाडी लावताना गाणं बंद करून काय चांगलं दिसतं का, दिसतं! डोकं एकच आहे, ते ऐकण्यातून सुटलं की बघायला मोकळं होतं.

पॉडकास्टचं विचारलंय. गप्पांचे असतील, दोन-तीन माणसं कट्ट्यावर बसल्यासारखी बोलतायत, हसतायत, तर जरूर ऐका, दुपारच्या जेवणानंतर तर गाण्यापेक्षा बोलणंच जास्त उपयोगी पडतं असा माझा अनुभव आहे, माणसाचा आवाज सोबत देतो. पण शेअर मार्केट, परीक्षेचा अभ्यास, इंग्रजी शिका, असलं काही गाडीत नको. तसंच रहस्यकथा. २०१७ ला स्टोरीटेल आलं तेव्हा माझ्या एका पोराला नाद लागला, मराठी पुस्तकं ऐकायचा, चांगलीच गोष्ट आहे, दहावी नापास पोरगा पुस्तकं ऐकायला लागला मला कौतुकच होतं. पण एकदा मी त्याच्या शेजारी बसून येत होतो, खून कुणी केला ते निघायच्या बेतात होतं, आणि हा बाबा सरळ रस्त्यावर ६० ने उजव्या लेनमध्ये, मागून लाइट मारतायत, हॉर्न देतायत, ह्याला पत्ता नाही. गोष्ट संपली आणि गाडी आपोआप ९० ला गेली. तेव्हापासून त्याला सांगितलंय पुस्तक ऐक पण पॅसेंजर देवळात गेल्यावर पार्किंगमध्ये ऐक.

उलटा धोका ठेक्याचा. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या वॉरन ब्रॉडस्की नावाच्या संशोधकाने सिम्युलेटरवर विद्यार्थ्यांना बसवून बघितलं होतं, २००१ ला ते छापून आलं, संगीताची लय वाढली तसा स्पीड वाढला, आणि लाल सिग्नल तोडणं, लेन सोडणं हे पण वाढलं. मला हे वाचून काही नवल वाटलं नाही. गोव्याच्या पोरांची ट्रिप असली आणि मागं डीजे सुरू झाला की माझा पाय आपोआप जड होतो, मला कळतं, काट्याकडं बघितल्याशिवाय कळत नाही एवढंच. आपल्याकडं हलगी आणि ढोलकीचं तसंच आहे. लावणी लावून कोल्हापूर रस्ता मोकळा मिळाला तर ११० कधी होतात समजत नाही. समृद्धीवर तर १२० ची परवानगीच आहे, सेकंदाला ३३ मीटर, आणि रस्ता इतका सरळ की गाणं हेच काय ते वळण. तिथं मी जलद गाणी अजिबात लावत नाही, बोलण्याचं काहीतरी लावतो आणि दर दीड-दोन तासांनी उतरतो.

आता माझ्या स्वतःच्या चुकीचं. २००१ ची गोष्ट, इंडिका, रात्री अकरा-साडेअकरा, सुरूर फाट्याच्या अलीकडं, गाडीत मी एकटाच, भाडं सोडून परत येत होतो. टेपमध्ये कॅसेट संपली, ती काढली, दुसरी कव्हरमधून काढताना कव्हर हातातून सटकलं आणि पायाशी पडलं. मी पायाने ते बाजूला सारायला गेलो तर ते सरकून ब्रेकच्या खाली. पुढं एक ट्रॅक्टर, उसाचा, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. ब्रेक दाबला तर तो अर्ध्यातच अडकला, कव्हर फुटल्याचा कडकन आवाज आला, आणि मग लागला ब्रेक पण तोवर मी स्टेअरिंग डावीकडं ओढलं होतं, गाडी साइडपट्टी सोडून खाली उतरली आणि मैलाच्या दगडाला घासून थांबली. डावा दरवाजा गेला. मला काही लागलं नाही. ट्रॅक्टरवाला थांबलाही नाही, त्याला कळलंच नसणार, त्याच्या टेपवर गाणं लागलेलं मला ऐकू येत होतं.

तेव्हापासून चालत्या गाडीत कॅसेट बदलायची नाही हा नियम केला. टोलनाक्याच्या लाइनीत बदलायची, खेड शिवापूर एक, आनेवाडी दोन, तासवडे तीन, किणी चार, चार नाके चार कॅसेटी, हिशोब बरोब्बर बसायचा. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि ते थांबणंच कमी झालं, पण तोवर कॅसेट पण गेली होती म्हणा. नवीन पोरांना कॅसेट माहीत नाही पण चूक तीच आहे, कव्हरच्या जागी आता पाण्याची बाटली आणि फोन. फोन मांडीवरून घसरून खाली पडला की माणूस वाकतोच. वाकायचं नाही. पडू दे, वाजू दे, पुढच्या पंपावर बघू.

आणि फोनवर गाणं बदलत बसणं हाच आजकालचा मोठा रोग आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात फोनला सूट आहे ती फक्त रस्ता बघण्यापुरती, तेसुद्धा लक्ष विचलित न होता. गाणी चाळायला नाही. पण खरी अडचण नियमाची नाही, सवयीची आहे. दहा हजार गाणी हाताशी असली की माणूस ऐकत नाही, निवडत बसतो. हे नको, पुढचं, पुढचं, हे पण नको. त्यापेक्षा मी सांगतो तसं करा, निघायच्या आधी घरी बसून अडीच-तीन तासांची एक यादी लावा, ओळीने, आणि मग गाडीत एकच नियम, आवडलं नाही तरी बदलायचं नाही. इयरफोन कानात घालून तर अजिबात नाही, ॲम्ब्युलन्सचा भोंगा तुमच्यापेक्षा तुमच्या मागच्याला आधी कळेल.

म्हणूनच मला रेडिओ अजून आवडतो, निवड आपल्या हातातच नाही. विविध भारती १९५७ पासून चालू आहे आणि तुमच्या-माझ्या मूडची पर्वा न करता लावायचं तेच लावते. तोटा एवढाच की एफएम डोंगर ओलांडत नाही. कात्रजचा बोगदा पार केला की पुण्याची स्टेशनं एकेक करून खरखरायला लागतात, खंबाटकीच्या पुढं तर विसराच, मग कोल्हापूर जवळ आलं की टोमॅटो ९४.३ स्वच्छ लागायला लागतं, मी तर तेव्हाच समजतो की घर आलं. मुंबईच्या जुन्या-नव्या रस्त्याला तर वेगळीच मजा, मिर्ची मुंबईला पण ९८.३ आणि पुण्याला पण ९८.३, मधे खंडाळ्याच्या घाटात एका वळणाला मुंबईची जाहिरात आणि दुसऱ्या वळणाला पुण्याचं गाणं. तर लांबच्या रस्त्याला रेडिओवर विसंबू नका, सर्चचं बटण दाबत बसणं म्हणजे परत तेच, कॅसेट बदलणं.

घरच्यांशी स्पीकरवर बोलत गेलं तर झोप येत नाही असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही, आणि कारण सांगतो. पूर्वी ट्रकवर क्लीनर असायचा, त्याचं अर्धं काम रात्री बोलत राहणं हेच, ड्रायव्हरला पेंगू द्यायचं नाही. पण क्लीनरला समोरचा रस्ता दिसतो. घाट आला, बैलगाडी आली, की तो आपोआप गप्प होतो, उलट उस्ताद डावीकडं बघा म्हणतो. फोनवरच्या बायकोला ट्रॅक्टर दिसत नाही हो, ती विचारत राहणार की गॅसचा नंबर लावला का. तुम्ही गप्प झालात तर ऐकताय ना म्हणून आणखी मोठ्यानं विचारणार.

जरा विषयांतर होतंय पण भाड्याच्या गाडीत काय ऐकतात ते सांगतो, त्यातून पण कळतं थोडं. शिर्डी-पंढरपूरची फॅमिली असली की जाताना अभंग आणि येताना हिंदी पिक्चरची गाणी, हे गेल्या सत्तावीस वर्षांत बदललेलं नाही. नाट्यगीतं मागणारे पॅसेंजर आता वर्षाला दोन-चार, तेही सत्तरीच्या पुढचे, आणि ते बरोबर पेनड्राइव्ह घेऊन येतात. आयटीवाले काहीच मागत नाहीत, स्वतःच्या कानात घालून बसतात, एका गाडीत चार माणसं आणि चार वेगवेगळी गाणी, मी मात्र मधे शांत. ब्लूटूथ आल्यापासून तर काय विचारू नका. एकदा एक गृहस्थ मागं बसले, त्यांचा फोन आदल्या ट्रिपला गाडीला जोडलेला, तो आपोआप परत जोडला गेला आणि त्यांच्या मेव्हण्याने वाटणीच्या जमिनीवरून जी काही सुरुवात केली ती पूर्ण गाडीत, सहा स्पीकरवर, आणि मेव्हण्याची बहीण शेजारीच बसलेली. मी बटण शोधेपर्यंत सगळं बोलून झालं होतं. त्यानंतर कराडपर्यंत गाडीत कुणीच काही बोललं नाही.

आणि एक वेगळा प्रसंग. रात्री दोनला फोन आला, मयतीला गावी जायचंय, पुण्याहून आजऱ्याच्या बाजूला. असलं भाडं असलं की टेपला हात लावायचा नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. तीन तास कुणी बोललं नाही, फक्त इंजिन आणि मधूनमधून मागून रडण्याचा आवाज. पेठ नाक्याच्या आसपास पुढं बसलेले आजोबा, ज्यांचा भाऊ गेला होता ते, म्हणाले, ड्रायव्हर काहीतरी लावा, हे टायरचं ऐकवत नाही आता. मी काय लावू विचारलं. म्हणाले काहीपण, त्याला आवडायचं असं काही नव्हतं. मी आकाशवाणी लावली, पहाटेची वेळ, सनई चालू होती, नंतर भक्तिगीतं. आजोबांनी आवाज स्वतःच्या हाताने एक घर कमी केला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. उतरताना त्या धावपळीत पण पैसे देताना मला म्हणाले, बरं झालं लावलंत.

असो. तुमच्या गाडीबद्दल. सेकंडहँड घेतलीय म्हणताय, तर माझा सल्ला ऐकाल तर पहिले पंधरा दिवस काहीच लावू नका. गाडी ऐका. प्रत्येक गाडीचा आपला एक आवाज असतो, तो कानात बसला की बिघडल्याबरोबर कळतं. व्हील बेअरिंग जायला लागलं की एक घूंऽऽ असा आवाज येतो, स्पीडबरोबर वाढतो, आणि लांबच्या वळणाला गाडी एका बाजूला झुकली की बदलतो, सरळ झाली की परत तसाच. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, डांबरावरून सिमेंटवर गेलात की वेगळा, बेअरिंगचा तसा बदलत नाही. ब्रेक पॅड संपत आले की बारीक किंचाळल्यासारखं वाजतं, ती त्याला मुद्दाम लावलेली पट्टीच असते. माझ्या एका इनोव्हाचं बेअरिंग असंच गेलं, पोरगा चार दिवस गाणी लावून फिरत होता, मी बसलो, टेप बंद केला आणि दहा मिनिटांत सापडलं, कराडला फिटरकडं जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं तर खडखड हाताला लागत होती. अजून चार दिवस गेले असते तर काय झालं असतं ते लिहीत नाही.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी एक टीप, मी स्वतः ऐकतो म्हणून. स्विफ्टसारख्या गाडीत ८०-९० च्या वर टायरचा आणि वाऱ्याचा आवाज एवढा असतो की विलंबित आलाप आणि तानपुरा त्यात बुडतो, मग आपण आवाज वाढवतो, आणि अर्ध्या तासाने द्रुत आली की तबला कानठळ्या बसवतो, परत कमी करा, परत वाढवा, हात सारखा बटणावर. गाडीत छोटा ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, ज्यांचा आवाज पहिल्यापासून एका पातळीवर आहे ते लावा, मोठा ख्याल घरी. पॉडकास्टचं पण तसंच आहे, काहींचं रेकॉर्डिंग इतकं बारीक असतं की शेवटपर्यंत फुल करूनही गाडीत ऐकू येत नाही आणि मधेच जाहिरात मात्र बोंबलत येते. निघायच्या आधी दोन मिनिटं लावून बघा.

तुमच्या शुक्रवारची मी लावली असती तर यादी अशी: निघाल्यापासून कात्रज पार होईपर्यंत काही नाही, ट्रॅफिक इतका असतो की ऐकण्यात अर्थ नाही. शिवापूरपासून पाठ असलेली गाणी. खंबाटकी चढताना आवाज खाली. सुरूरच्या पुढं एखादा गप्पांचा पॉडकास्ट. साताऱ्याला दहा मिनिटं उतरायचंच, झोप येवो न येवो, जेवायचं असेल तर हलकं. पुढं कराडपर्यंत, जिथं तुम्हाला जड वाटतं, तिथं जुनं कथाकथन, आणि त्यातला एखादा विनोद तुम्ही हसलात का नाही ते बघायचं, पाठ असलेल्या विनोदाला हसू आलं नाही तर समजा झोप आलीय, थांबा. त्याच्या पुढं स्वतः गा. मोठ्यानं, बेसूर, काच बंद करून. मी अजून गातो. रस्त्याची कामं चालू आहेत, डायव्हर्जनचे बोर्ड रात्री नीट दिसत नाहीत, तिथं मात्र गाणं-बिणं सगळं बंद.

वूफर नको. डिकीतली जागा जाते, काच थरथरते, आणि बाहेरचं काही ऐकू येत नाही, म्हणजे मी वर जे जे लिहिलं त्या सगळ्याच्या उलट. कंपनीचे स्पीकर फाटले नसतील तर तेच ठेवा. त्या पैशात वायपरची पाती आणि पुढचे दोन टायर बघून घ्या, पाऊस तोंडावर आलाय.